उंद्रीतला जर्मन पक्ष

बुलढाणा जिल्ह्यात पक्ष पुष्कळ आहेत, पण जर्मनीचा पक्ष घेऊन जन्मभर भांडत बसलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. आमचे साडभाऊ चिखली तालुक्यातल्या उंद्रीला राहतात. चौकात त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकतात. जर्मन बिअर श्रेष्ठ की अमेरिकेत हौशी लोक गल्लोगल्ली गाळतात ती बिअर श्रेष्ठ, हा त्यांचा विषय. सकाळी दुकानाचं शटर वर करताना तो सुरू होतो आणि संध्याकाळी शटर खाली ओढताना नाइलाजाने थांबतो. गिऱ्हाईक युरिया मागायला आलेलं असो की उंदराचं औषध, म्युनिकबद्दल चार शब्द कानावर पडल्याशिवाय त्याची सुटका नाही. मी बुलढाण्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. जर्मनीच्या नद्या, खाणी, कारखाने सगळं पोरांकडून घोकून घेतलं. पण साडभाऊंच्या मते मी जर्मनी शिकवलीच नाही. "गुरुजी, तुमी पोराईले कोयसा शिकवला, लोखंड शिकवलं. तिथलं पाणी काऊन नाही शिकवलं? सारा खेळ पाण्याचा हाये!" भूगोलाच्या पेपरात बिअरवर प्रश्न येत नसतो, एवढं मी सांगून पाहिलं. "म्हणूनच पोरं मांग राह्यले," म्हणाले.

तुम्ही म्हणाल, एवढा जाणकार माणूस, रोज रिचवत असेल चार-सहा बाटल्या. अहो, तीच तर गंमत आहे! या माणसाने उभ्या आयुष्यात बिअरचे दोन पेले प्यायले आहेत. एक जर्मनीत आणि एक अमेरिकेत. या दोन पेल्यांवर त्यांनी जो संसार मांडला तो लोकांना दोन बायकांवर मांडता येत नाही.

झालं असं, की बीटी कपाशी नवी नवी आली होती त्या वर्षांत साडभाऊंच्या दुकानापुढे पहाटे रांग लागायची. बायका-माणसं पिशव्या, चपला, दगड ठेवून नंबर धरायची. बोंडअळी मरते, फवारे कमी लागतात, झाड बोंडांनी वाकतं, असा बोलबाला होता, आणि पहिली काही वर्षं तो खराही होता. ज्या दुकानदाराने जास्त पाकिटं विकली त्याला बियाण्याची कंपनी परदेशात फिरवून आणायची. साडभाऊंचा नंबर लागला जर्मनीला. अख्खी उंद्री त्यांना पोचवायला एसटीपर्यंत आली. डोक्यावर कंपनीची टोपी, हातात नवी बॅग, बॅगेत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि जर्मनीत जणू दुष्काळच पडला आहे एवढे धपाटे. माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी, म्हणजे ताईंनी, निघताना त्यांच्याकडून एक शपथ घेतली. आमच्या सासुरवाडीच्या एका चुलत सासऱ्यांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं, त्यामुळे ताईंना बाटलीचा नुसता आवाज सहन होत नाही. त्या म्हणाल्या, "तिथलं पाहून इकडं खूळ आणू नका. आपल्या देशात थेंबाले हात लावाचा नाही." साडभाऊंनी तुळशीपुढे उभं राहून शपथ घेतली आणि घेतानाच तिच्यातली फट बघून ठेवली. आपल्या देशात नाही. ठीक आहे!

तिथे त्यांना एका मोठ्या मांडवात नेलं. साडभाऊ सांगतात, एक धिप्पाड बाई दोन्ही हातांत काचेचे मोठाले मग धरून आली आणि लग्नातल्या वाढप्याने पत्रावळी टाकाव्या तशी टाकत गेली. लिटरभराचा एकेक मग. त्यावर दोन बोटं जाड फेस, असा घट्ट की काडीपेटी ठेवली असती तर बुडाली नसती. पण साडभाऊंना चढली ती बिअर नव्हे. त्यांना चढला तो तिथला कायदा. कंपनीच्या दुभाष्याने सांगितलं की या मुलखात पाचशे वर्षांपूर्वी राजाने हुकूम काढला, बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं, याउपर काही घालायचं नाही. आणि अजून तिथले लोक तो हुकूम छातीवर मिरवतात. हे ऐकून साडभाऊ बाकावरून उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बरोबरचे दुकानदार म्हणाले, याला लागली. पण ज्याचा सारा जन्म बोगस बियाणं, मुदत संपलेलं औषध आणि खतातली माती यांच्याशी झुंजण्यात गेला, त्याला पाचशे वर्षं भेसळ न झालेली एक वस्तू या पृथ्वीवर आहे हे कळल्यावर दुसरं काय होणार? "आंगावर काटा आला, गुरुजी," ते अजून सांगतात. "तीन वस्तू. बस. चौथी टाकाची कोणाची हिंमत नाही!" मी एकदा पुस्तकात बघून विचारलं, की मग खमिराचं काय, त्याशिवाय बिअर होत नाही म्हणतात. साडभाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. "ते आपोआप येते. पावण्यावानी. पावण्याले कोणी घरच्या माणसात मोजते का?"

पुढे एका वर्षी अमेरिकेचा नंबर लागला. दिवसभर त्यांना मैलमैल लांबीची शेतं आणि घराएवढी पेरणीयंत्रं दाखवली, आणि संध्याकाळी एका जुन्या धान्याच्या कोठारात नेलं. कोठारात हातभर गोंदलेला एक दाढीवाला स्वतः बिअर बनवत होता. भिंतीवर खडूने लिहिलेली नावं, पंधरा-वीस तरी. साडभाऊंनी एका नावावर बोट ठेवलं, पेला आला, आणि प्यायच्या आधी सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, यात काय काय आहे? दुभाष्याने दाढीवाल्याला विचारून सांगितलं की यात लाल भोपळा आहे. "गंगाफळ!" साडभाऊ हे सांगताना अजून कपाळाला हात लावतात. "बियरमंदी गंगाफळ! दुसरीत कॉफी, तिसरीत मिरची, एकीत आंबा. मी म्हटलं, बाप्पा, ही बियर हाये का शुक्रवारचा बाजार?" मात्र पेला त्यांनी पूर्ण संपवला, कारण अन्न टाकू नये. मी खोदून विचारलं, वाईट लागली का? साडभाऊ इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "चांगली होती. तोच तं तरास हाये."

तेव्हापासून या माणसाच्या लेखी जगात दोनच जाती उरल्या, जर्मन आणि अमेरिकन. वरण-भात जर्मन, पावभाजी अमेरिकन. एसटी जर्मन, रंगीत दिव्यांची ट्रॅव्हल्स अमेरिकन. शेगावची कचोरी कट्टर जर्मन, "इतके वर्षं झाले, कोणी तिच्यात चीज टाकलं का?" चहा म्हणजे पाणी, दूध, पत्ती आणि साखर, ताईंनी एकदा त्यात आलं आणि गवती चहा टाकला तर कप परत गेला, हा अमेरिकन चहा आहे म्हणून. ताईंनी शांतपणे कप उचलला आणि म्हणाल्या, "मंग जर्मनीतून मागवा," आणि दोन दिवस चहा बंद. तिसऱ्या दिवशी साडभाऊंनी आल्याला तात्पुरती परवानगी दिली. माझ्या मुलीला पाहायला लोणारहून एक स्थळ आलं होतं. साडभाऊंनी मुलाला बाजूला घेऊन अर्धा तास काय काय विचारलं कोण जाणे. पाहुणे गेल्यावर आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. म्हणाले, "पोरगा आतून जर्मन हाये. फक्त केसाची कटिंग अमेरिकन." लग्न झालं. जावई खरोखरच भला माणूस निघाला, आणि त्याचं सारं श्रेय त्या मुलाच्या आईबापांना न मिळता जर्मनीला मिळालं.

पण कोणताही पक्ष विरोधी पक्षावाचून शोभत नाही, आणि उंद्रीतला अमेरिकन पक्ष म्हणजे चाचा. चाचांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान साडभाऊंच्या दुकानाला लागून आहे, मधे एक भिंत. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पाच वेळची नमाज. दारूचा थेंब त्यांच्या ओठाला कधी लागला नाही आणि लागणारही नाही. रोज दुपारी चार वाजता ते हात पुसत साडभाऊंच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचे, चहा सांगितला जायचा, आणि ज्याने फक्त दोन पेले प्यायले आहेत तो, ज्याने एकही प्यायला नाही त्याच्याशी, बिअरवर तासभर तावातावाने भांडायचा. मी एकदा चाचांना विचारलं, तुम्ही कशाच्या जोरावर बोलता? "गुरुजी, काजी काय चोरी करून पाहाते का? दोन्हीकडचं आयकाचं आन इन्साफ कराचा."

चाचांचा इन्साफ ठरलेला होता. "सेठ, पाचशे वर्षं एकच चीज करून राह्यले म्हंजे त्याईले दुसरं सुचलं नाही. अमेरिकावाल्यानं निदान इचार तं केला, का गंगाफळ टाकून पाहू. चुकलं तं चुकलं! म्या जर का कंपनीचाच वायसर पाह्यत बसलो असतो, तं गावातले निम्मे पंप बंद पडले असते. सायकलची ट्यूब कापून लावतो म्हणून चालतात."

"म्हणूनच गळतात."

"गळतात, पण चालतात!"

एकदा तर चाचांनी साडभाऊंना पार उताणं पाडलं. म्हणाले, "गंगाफळाले नावं ठेवता सेठ, आन इकता काय? बीटी म्हंजे काय, कपाशीत जंतू टाकला तो कोणं? अमेरिकावाल्यानंच ना? पऱ्हाटीत जंतू चालते, बियरमंदी भोपळा नाही चालत?" दुकानात बसलेली माणसं खो-खो हसली. साडभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बीटीच्या पाकिटांची चळत पाठीशी, तोंडात जर्मनी! शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "पऱ्हाटी कोणी पेत नाही, चाचा," आणि घाईने दुसरा चहा सांगितला.

माझा मुलगा पुण्यात असतो. साडभाऊ गुडघा दाखवायला पुण्याला आले तेव्हा त्याने हौसेने त्यांना एका ठिकाणी नेलं. तिथे काचेआड मोठाल्या स्टीलच्या टाक्या होत्या, आणि बिअर तिथेच बनवत. वेटरने सफाईने नावं सांगितली, हापूसची, कोकमाची, कॉफीची. साडभाऊंनी सगळी ऐकून घेतली आणि आपल्या खणखणीत वऱ्हाडीत विचारलं, "लॉट नंबर काय हाये? कवाचा माल हाये? मुदत कितीची?" शेजारच्या टेबलावरच्या पोरी वळून बघू लागल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. माझा मुलगा खुर्चीत जेवढं खाली घसरता येईल तेवढं घसरला. साडभाऊंना कशाचं काही नाही. त्यांनी छोटे पेले समोर मांडून घेतले. शपथ असल्यामुळे प्यायचा प्रश्नच नव्हता. एकेक पेला उचलून उजेडात धरला, बियाणं बघतात तसं तळाशी काय बसलंय ते पाहिलं, वास घेतला, फेस किती टिकतो ते घड्याळ लावून बघितलं. शेवटी बिअर बनवणारा पोरगाच आतून बाहेर आला, की हा कोण तपासणीस आलाय. मग त्या दोघांचं जमलं! तासभर पाण्यातल्या क्षारांवर गप्पा. निघताना त्या पोराने वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर साडभाऊ गहिवरून म्हणाले, "दिलानं जर्मन हाये बिचारा. मालकानं आंबा टाकाले लावला."

पुण्याहून परतले ते डोक्यात खूळ घेऊनच. उंद्रीच्या पाण्यात जर्मन कायद्याची बिअर होऊ शकते हे चाचांना सिद्ध करून दाखवायचं! प्यायची नाही, नुसती सिद्ध करायची. काशी आहे म्हणून मरावंच लागतं असं थोडंच आहे, हा त्यांचा युक्तिवाद. पूजेच्या सामानाच्या दुकानातून जव आणले, भिजवले, मोड आणले, तव्यावर भाजले, भरडले, उकळले. घरात आठवडाभर असा वास की ताईंना वाटलं जनावराची पेंड आंबली. सगळं जमलं, पण हॉपची ती कडू फुलं उंद्रीत आणणार कुठून? साडभाऊंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी परसातल्या कडुनिंबाचा पाला ओरबाडून आत टाकला. दुकानामागे निळ्या कॅनमध्ये ते प्रकरण झाकून ठेवलं आणि चाचांना मोठ्या दिमाखात बोलावून दाखवलं. चाचांनी झाकण उचललं, आत बघितलं.

"हे काय, निंब?"

"हॉप नाही भेटला, म्हणून पर्याय."

"कायद्यात हाये का निंब?"

"कायद्यात नाही. पण कडू तं हाये ना!"

"सेठ," चाचा म्हणाले, "पर्याय म्हंजेच अमेरिका!" आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांना तिथल्याच खताच्या पोत्यावर बसावं लागलं. साडभाऊ आधी रागावले, मग त्यांनाही आवरेना. दोन म्हातारी माणसं एका निळ्या कॅनभोवती डोळे पुसत हसताहेत असं दृश्य ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढे जे झालं ते उंद्रीतच होऊ शकतं. साडभाऊ कामाला चिखलीला गेले होते आणि दुकानात ताई बसल्या होत्या. शेजारच्या गावच्या सुमनबाई आल्या. या बाई स्वतः वावर करतात, नवरा वसतिगृहात नोकरीला, शेतीचा सारा कारभार यांच्या हातात. त्या वर्षी कपाशीवर अळी दिसायला लागली होती आणि कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती. सुमनबाईंनी दशपर्णी अर्क मागितला. निंब, सीताफळ, रुई असा दहा झाडांचा पाला कॅनमध्ये सडवून फवारणीसाठी हा अर्क करतात, आणि साडभाऊ अधूनमधून गिऱ्हाइकांसाठी तो करून ठेवायचे. ताईंनी दुकानामागचा निळा कॅन उघडला. आंबूस वास येतोय, वर फेस, आत निंबाचा पाला तरंगतोय. झालं! अख्खा कॅन उचलून सुमनबाईंना देऊन टाकला. जर्मनीचा कायदा गेला वावरात.

आठवड्याने सुमनबाई रिकामा कॅन परत करायला आल्या. मी नेमका तिथेच होतो. म्हणाल्या, "सेठ, तुमचा अर्क फवारला. अळीले तं काहीच नाही झालं. पण गावच्या बकऱ्या बांधावून हालून नाही राह्यल्या!" साडभाऊंनी कॅन पाहिला आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मी हसून हसून बेजार. ताई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. साडभाऊही हसत होते. हसता हसता त्यांनी सुमनबाईंना विचारलं, "वास येगळा आला नाही का तुमाले? फवाराच्या आंधी इचाराचं तं होतं."

"तुमच्या दुकानातलं होतं," त्या म्हणाल्या. "कायले इचारू?"

साडभाऊंचं हसू तिथल्या तिथे थांबलं. सुमनबाई गेल्यावर ते बराच वेळ तो कॅन धुवत बसले. त्या दिवशी त्यांनी जर्मनीचं नावही काढलं नाही, आणि मला ते मोठं अवघड वाटलं.

त्याचं कारण वावरात होतं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने घात केला. बोंड वरून हिरवंगार, टपोरं, हातात घेऊन फोडावं तर आत गुलाबी अळी वळवळतेय आणि सरकी पोखरलेली. ज्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून एवढी वर्षं रांगा लागल्या, त्याच बियाण्याच्या बोंडात ती घर करून बसली. वेचायला गेलेल्या बायका रिकाम्या ओट्या घेऊन परत येत. लोकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. आणि पेरणीच्या वेळी त्यातल्या कितीतरी जणांनी साडभाऊंना विचारलं होतं, सेठ, कोणतं लावू? आणि साडभाऊ म्हणाले होते, हे घ्या, डोळे मिटून लावा. त्यांच्यावर कोणी ओरडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, त्यांना भांडायची सवय आहे. लोकांनी फक्त विचारणं सोडून दिलं. यायचे, लागेल ती वस्तू नाव घेऊन मागायचे आणि जायचे. बाकावर कोणी टेकेना.

चाचासुद्धा. त्यांची थोडी जमीन आहे, त्यात ते वर्षानुवर्षं तूर आणि ज्वारी घ्यायचे. त्या साली साडभाऊंनी महिनाभर मागे लागून त्यांना कपाशी लावायला लावली होती. चाचांनी झाडं उपटून बांधावर टाकली आणि चार वाजता यायचे बंद झाले. भिंतीपलीकडे त्यांची हातोडी ऐकू येई, तेवढंच.

मग साडभाऊंनी काय सुरू करावं? दुपारचे चार वाजले की ते दुकानातल्या त्या मधल्या भिंतीजवळ जाऊन उभे राहत आणि समोर असेल त्या गिऱ्हाइकाला, कोणी नसलं तर खताच्या पोत्यांना, मोठ्याने सांगत, "गंगाफळ टाकते का कोणी बियरमंदी? हाये का काही अक्कल?" आणि थांबत. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा, "कॉफी टाकतात म्हणे!" उत्तर नाही. मी गेलो होतो त्या दिवशी तर हद्द झाली. भिंतीला तोंड लावून हा जर्मनीचा एकनिष्ठ माणूस म्हणाला, "तशी अमेरिकेचीबी एखादी चांगली रायते म्हना." पलीकडची हातोडी थांबली. साडभाऊंनी भिंतीला कान लावला. मीही. मग हातोडी पुन्हा सुरू झाली. साडभाऊ खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, इतके वर्षं भांडलो पण असं कवा झालं नाही. मले करमत नाही हो." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेष्टा करायला माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार असतात एरवी. त्या दिवशी एकही आलं नाही. माझा जीव तुटला त्या माणसासाठी.

पुढच्या पेरणीच्या तोंडावर मी पुन्हा उंद्रीला गेलो होतो. दुकानात पाच-सात माणसं होती. इतक्यात चाचा आले. बाकाकडे गेले नाहीत. गिऱ्हाईक उभं राहतं तसे काउंटरपुढे उभे राहिले.

"सेठ, बियाणं पाह्यजे."

"कायचं?"

"तुमी सांगान ते."

दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. साडभाऊ मांडणीकडे वळले. एक पाकीट काढलं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं. दुसरं काढलं, तेही ठेवलं. मग वळून म्हणाले, "चाचा, मले नाही माहीत." त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. "मांगच्या सालीबी नव्हतं माहीत. कंपनीवाल्यानं जे सांगितलं ते म्या तुमाले सांगितलं. मले माहीत असल्यावानी सांगितलं."

गावातल्या दुकानदाराने भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर हे बोलणं म्हणजे काय, हे ज्याने दुकान चालवलंय त्यालाच कळेल. चाचा वळले. मला वाटलं, चालले. पण ते बाकावर जाऊन बसले, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "मंग तूरच लावतो. तुरीचं द्या. आन चहा सांगा."

चहा आला. दोन घोट घेऊन चाचांनी विचारलं, "ते भिताडाले तोंड लावून रोज काय बोंबलत होते? अमेरिकेची चांगली रायते म्हने?"

"आयकू येत होतं तुमाले?"

"मंग! साऱ्या उंद्रीले येत होतं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"राग होता, सेठ," चाचा म्हणाले. "राग असला तं माणूस बोलते का?"

मग त्या दोघांनी पुन्हा सुरुवात केली, पण जपून जपून, आजारातून उठलेला माणूस अंगणात चालतो तशी. संध्याकाळी साडभाऊ मला एसटीपर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, झालं एकदाचं, जर्मनी पुन्हा उभी राहिली. एरवी त्यांनी उलट काही सुनावलं असतं. फाट्यावर उभं असताना म्हणाले, "गुरुजी, तुमी हासता, हासा. पण एक सांगू का? बियरचं म्या काहीबी सांगितलं, सपशेल चुकलो, तरी कोणाचं बोंड सडत नाही. म्हणून बोलतो बाप्पा मोकयेपणानं. बियाण्याचं सांगाले आता मले भेव लागते."

एसटी आली. मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. साडभाऊंनी हात केला आणि गाडी हलायची वाटही न बघता दुखऱ्या गुडघ्याने भराभर दुकानाकडे चालू लागले, कारण चाचा अजून बाकावर बसले होते आणि बोलणं अर्धंच राहिलं होतं.